ऐंशी टक्के लोकांना युरोप हवा, मग सरकार उलट्या दिशेने कसं जातं?

डिसेंबर २०२४ चा पहिला आठवडा. रात्री साडेदहाच्या सुमारास भाचीचा तिबिलिसीहून व्हिडिओ कॉल आला. ती तिथे एमबीबीएस करते. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातली बरीच मुलं डॉक्टरकी शिकायला जॉर्जियात जाऊ लागली आहेत, त्यांपैकीच ती एक. मागे धडाधड आवाज येत होते. "मामा, घाबरू नकोस, फटाके आहेत," ती म्हणाली. दिवाळी होऊन महिना उलटला होता. रुस्तावेली रस्त्यावर संसदेसमोर निदर्शक फटाके उडवत होते आणि पोलीस पाण्याचे फवारे मारत होते.

ती सुखरूप आहे याची खात्री झाल्यावर तिनेच मला प्रश्न घातला. "इथे ज्याला विचारावं तो म्हणतो, आम्हाला युरोपात जायचंय. मग यांनीच निवडून दिलेलं सरकार युरोपला थांबा कसं म्हणतं?"

मी या भागाबद्दल बरीच वर्षं वाचतो आहे, तरी फोनवर तिला धड उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे तिला द्यायचं राहिलेलं उत्तर. प्रश्न एकट्या जॉर्जियाचा नाही. मोल्दोव्हा, आर्मेनिया, युक्रेन, कझाकस्तान अशा सगळ्या देशांच्या बातम्या वाचताना तोच गोंधळ उडतो. लोक एक म्हणतात, मतदानात दुसरं दिसतं आणि सरकार तिसरंच करतं.

आधी नकाशा समजून घेऊ

१९९१ साली सोव्हिएत संघ फुटला आणि त्यातून १५ देश झाले. रशिया त्यातला सर्वांत मोठा. उरलेल्या चौदांपुढे पहिल्या दिवसापासून एक प्रश्न आहे: आपण कुणाच्या जवळ राहायचं? या झुकण्याला अभ्यासक 'परराष्ट्र धोरणाचा कल' म्हणतात. मी फक्त 'कल' म्हणेन.

बाल्टिक किनाऱ्यावरच्या एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या तिघांनी हा प्रश्न लवकर निकालात काढला. २००३ मध्ये तिथे सार्वमत झालं, म्हणजे एकाच प्रश्नावर सगळ्या देशाने 'हो' किंवा 'नाही' असं मत दिलं. २००४ मध्ये तिघेही युरोपीय संघात आणि नाटोत गेले. युरोपीय संघ हा व्यापाराचा, कायद्यांचा आणि मोकळ्या ये-जाचा गट. नाटो हा लष्करी गट. दुसऱ्या टोकाला बेलारूस. तो रशियाला इतका बांधलेला आहे की २०२२ मध्ये रशियन फौजा त्याच्याच जमिनीवरून युक्रेनमध्ये शिरल्या. मध्य आशियातले देश रशियाला धरून आहेत, पण चीन, तुर्कस्तान आणि पश्चिमेशीही व्यवहार ठेवून आहेत.

खरी ओढाताण आहे ती मधल्या देशांत. तिथे जनमताला किंमत आहे आणि धोकाही तिथेच आहे.

'हवंय का?' आणि 'परवडेल का?'

एखाद्या जुन्या गृहनिर्माण सोसायटीचा पुनर्विकास डोळ्यांसमोर आणा. चार मजले, लिफ्ट नाही, गच्ची गळते. सेक्रेटरी दारोदार फिरून विचारतात, "काका, नवीन घर हवंय का?" शंभरातले पंचाण्णव 'हो' म्हणतील, आणि ते मनापासून म्हणतील.

आता सर्वसाधारण सभा भरते. तिथे प्रश्न येतो तो असा: तीन वर्षं भाड्याच्या घरात राहावं लागेल, बिल्डर मध्येच पळाला तर काय, आणि शेजारच्या सोसायटीचे लोक पाच वर्षं झाली तरी रस्त्यावरच आहेत, ते बघितलंत ना? त्याच पंचाण्णवांतले कितीतरी हात आता खालीच राहतात. त्यांचं मत बदललेलं नसतं. बदललेला असतो प्रश्न.

सोव्हिएतोत्तर देशांतल्या जनमताचं जवळपास सगळं कोडं इथे आहे. जनमत चाचणी विचारते की तुम्हाला काय हवं. निवडणूक विचारते की तुम्हाला कशाची भीती वाटते. दोन्ही उत्तरं खरी असतात, आणि चतुर पुढारी कुठला प्रश्न लोकांपुढे ठेवायचा हे बरोबर ओळखतात.

जॉर्जियात प्रश्न कसा बदलला

जॉर्जिया हा जेमतेम ३७ लाख लोकांचा देश. गेली कित्येक वर्षं वेगवेगळ्या संस्थांच्या चाचण्यांत युरोपीय संघाच्या सदस्यत्वाला तिथे ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाठिंबा दिसतो. जानेवारी २००८ मध्ये नाटोबद्दल लोकांचा कौल घेतला तेव्हा ७७ टक्के लोक 'हो' म्हणाले होते. पुढे राज्यघटनेतच कलम ७८ आलं. युरोपीय संघात आणि नाटोत पूर्ण सामील होण्यासाठी सर्व सरकारी यंत्रणांनी शक्य ते सगळं करावं, असं ते सांगतं.

पण ऑगस्ट २००८ मध्ये रशियाशी पाच दिवसांचं युद्ध झालं. अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया या दोन प्रांतांना रशियाने स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून देशाचा सुमारे पाचवा हिस्सा रशियाच्या ताब्यात आहे. पुढच्या वर्षांत दक्षिण ओसेतियाच्या बाजूला काटेरी कुंपण उभं राहिलं. खुर्वालेतीसारख्या गावांत ते लोकांच्या शेता-अंगणांतून गेलं. एके सकाळी उठावं तर आपलीच बाग तारेच्या पलीकडे. देशाचा पूर्व-पश्चिम जोडणारा मुख्य महामार्ग काही ठिकाणी त्या रेषेपासून काही शे मीटरवर आहे. बांधावरून दोन भावांत उभा दावा पडतो हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. इथे तर बांध सरकवणाऱ्याच्या पाठीशी रणगाडे आहेत.

आता २०२४ ची निवडणूक बघा. २०१२ पासून सत्तेत असलेला 'जॉर्जियन ड्रीम' हा पक्ष अब्जाधीश बिद्झिना इवानिश्विली यांनी स्थापन केला. त्यांनी रशियात व्यवसाय करून संपत्ती कमावली. या पक्षाने 'युरोप नको' असा प्रचार कधीच केला नाही. त्यांची घोषणा होती 'युरोपात जाऊ, पण शांततेने, सन्मानाने आणि समृद्धीने'. शहरभर मोठे फलक लागले. एका बाजूला युक्रेनमधली उद्ध्वस्त इमारत, पूल, चर्च, आणि दुसऱ्या बाजूला जॉर्जियातली तशीच इमारत, धडधाकट आणि रंगीत. वर ओळ: युद्धाला नाही म्हणा, शांतता निवडा. 'जागतिक युद्ध पक्ष' नावाची बाहेरची अदृश्य शक्ती आपल्याला रशियाशी लढवू पाहते आहे, असं नेते सभांमधून सांगत होते.

२६ ऑक्टोबरला मतदान झालं. अधिकृत निकालात सत्ताधाऱ्यांना सुमारे ५४ टक्के मतं मिळाली. विरोधकांनी निकाल नाकारला. राष्ट्राध्यक्ष सालोमे झुराबिश्विली यांनीही मान्य केला नाही. आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी मतदारांवरच्या दबावाची आणि मत गुप्त न राहिल्याची नोंद केली. मतपत्रिकेवर मार्करने गोल भरायचा होता, आणि त्याची शाई कागदाच्या मागच्या बाजूला दिसत होती. सरकारी नोकरी करणाऱ्या बाईने असा कागद सर्वांसमोर यंत्रात सरकवायचा, तेव्हा तिच्या मनात काय येत असेल याची कल्पना करा.

मग २८ नोव्हेंबरला पंतप्रधान इराक्ली कोबाखिद्झे यांनी जाहीर केलं की युरोपीय संघात प्रवेशाच्या वाटाघाटींचा विषय २०२८ च्या अखेरीपर्यंत अजेंड्यावर आणणार नाही. त्याच रात्री लोक रस्त्यावर आले. याच देशाला वर्षभरापूर्वी, डिसेंबर २०२३ मध्ये, 'उमेदवार देश' हा दर्जा मिळाला होता. उमेदवार म्हणजे दारात उभा करून घेतलेला, आत यायच्या अटी समजावून सांगितलेला देश. सरकार आजही म्हणतं की आमचं ध्येय युरोपच आहे, फक्त आमच्या अटींवर. माझं मत विचाराल तर हे पुनर्विकासाला तत्त्वतः होकार देऊन सभाच न बोलावण्यासारखं आहे.

घरमालकीण आजी

भाची ज्या घरात भाड्याने राहते तिथली आजी सत्तरीची आहे. तिला रशियन उत्तम येतं, इंग्रजी अजिबात नाही. नातीला इंग्रजी येतं, रशियन जेमतेम. त्यामुळे भाची आजीशी बोलते ती नातीमार्फत. या एका घरात अख्खा देश बसलेला आहे.

आजीची मुलगी इटलीत म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते आणि दरमहा पैसे पाठवते. २०१७ पासून जॉर्जियाच्या लोकांना युरोपातल्या शेंगेन गटाच्या देशांत व्हिसाशिवाय जाता येतं, म्हणून मायलेकींची भेट सोपी झाली. आजीला युरोप हवा आहे. आजीच्या दिराची काखेतीत द्राक्षबाग आहे. जॉर्जियाची निम्म्याहून जास्त निर्यात वाइन रशियाला जाते. २००६ मध्ये रशियाने ती अचानक बंद केली होती आणि २०१३ मध्ये पुन्हा सुरू केली. मधली सात वर्षं दिराने कशी काढली ते आजी विसरलेली नाही. पुन्हा तसं व्हायला नको, हेही तिला हवं आहे. आणि आजीचं माहेर गोरी शहराजवळ, जिथे २००८ मध्ये बॉम्ब पडले.

चाचणीवाला दारात आला तर ती 'युरोप' म्हणेल. फलकासमोरून जाताना तिला गोरी आठवेल. नात मात्र रोज रात्री युरोपीय संघाचा निळा झेंडा घेऊन रुस्तावेलीवर जाते. तिने २००८ पाहिलेलं नाही. आजी तिला अडवत नाही, फक्त दाराशी उभी राहून पाणी आणि पोहण्याचा चष्मा घेतला का विचारते. अश्रुधुरात तो चष्मा लागतो.

याला दुटप्पीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पोट, माया आणि भीती एकाच माणसाला तीन दिशांना ओढतात.

मोल्दोव्हा: रात्रभर 'नाही', पहाटे 'हो'

मोल्दोव्हाची लोकसंख्या आणखी कमी, सुमारे २४ लाख. एका बाजूला रोमानिया, दुसऱ्या बाजूला युक्रेन. ट्रान्सनिस्ट्रिया नावाची पट्टी १९९२ च्या लढाईपासून सरकारच्या ताब्यात नाही. तिथे अजूनही रशियन सैनिक आहेत.

२० ऑक्टोबर २०२४ रोजी इथे सार्वमत झालं. युरोपीय संघात जाण्याचं ध्येय राज्यघटनेत लिहायचं का? राष्ट्राध्यक्ष माया सांदू यांना आरामात विजयाची आशा होती. रात्री मोजणी सुरू झाली तसं 'नाही' पुढे गेलं आणि तासन्तास पुढेच राहिलं. मग परदेशात काम करणाऱ्या मोल्दोव्हन लोकांची मतं येऊ लागली. पहाटे आकडा उलटला. अखेर 'हो' ५०.३५ टक्के. सुमारे १५ लाख मतांत फरक होता साधारण साडेदहा हजारांचा. देशातल्या मतपेट्यांत 'नाही'च पुढे होतं. परदेशातल्या चारांपैकी तिघांनी 'हो' म्हटलं आणि देश त्या बाजूला गेला.

परदेशी राहून देशाचं भवितव्य ठरवणं बरोबर आहे का, असा वाद तिथे झाला आणि होणारच होता. शिवाय रशियात मतदान केंद्रं फक्त दोन, तीही मॉस्कोत, तर पश्चिमेच्या देशांत ती भरपूर होती. ही तक्रार निराधार नाही. पण ज्या घरातले दोघे-तिघे इटली-जर्मनीत राबून गावातल्या म्हाताऱ्यांना पोसतात, त्या घराच्या मताचं वजन कुठे मोजायचं, याचंही उत्तर सोपं नाही.

'नाही' एवढं वाढलं कसं? एक कारण पैसा. मोल्दोव्हाच्या पोलिसांनी सांगितलं की एकट्या सप्टेंबर महिन्यात १ लाख ३० हजारांहून अधिक लोकांकडे रशियातून सुमारे दीड कोटी डॉलर पोचले. बँक घोटाळ्यात शिक्षा झालेला आणि मॉस्कोत राहणारा उद्योगपती इलान शोर यामागे असल्याचं तिथली यंत्रणा म्हणते. तो आरोप नाकारतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि बातम्यांत ते कमी येतं. २०२२ मध्ये तिथे महागाई तीस टक्क्यांच्या वर गेली होती. थंडीत गॅसचं बिल बघून ज्याच्या पोटात गोळा आला, त्याने राग काढला तो सरकारवर, आणि सरकारने कागदावर 'युरोप' लिहिलं होतं. सार्वमतात लोक नेहमी छापलेल्याच प्रश्नाचं उत्तर देतात असं नाही.

आणि तिसरं, गागाउझिया. दक्षिणेतला हा स्वायत्त भाग. तिथले लोक तुर्की कुळातली भाषा बोलणारे पण ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. रोजचा व्यवहार रशियन भाषेत, टीव्ही रशियन. तिथे दर शंभरातल्या पंचाण्णव जणांनी 'नाही' म्हटलं. रोमानियन बोलणाऱ्या बहुसंख्याकांत आपली ओळख बुडून जाईल ही त्यांची जुनी धास्ती आहे. भाषेच्या प्रश्नावर माणूस किती हळवा होतो हे बेळगाव-निपाणीकडच्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

सप्टेंबर २०२५ च्या संसदीय निवडणुकीत सांदू यांच्या पक्षाला सुमारे ५० टक्के मतं आणि १०१ पैकी ५५ जागा मिळाल्या. म्हणजे गाडी चालू राहिली. पण रूळ किती अरुंद आहे ते २०२४ च्या त्या रात्री दिसलं होतं.

मग लोकांचं मत बदलतं तरी कधी?

प्रचाराने थोडं बदलतं. घटनांनी एका वर्षात उलटंपालटं होतं.

युक्रेनचं १९९१ हे वर्ष घ्या. १७ मार्चला सोव्हिएत संघ टिकवावा का यावर मतदान झालं. युक्रेनमधले सुमारे ७० टक्के मतदार 'हो' म्हणाले. त्याच दिवशी त्यांना दुसरा प्रश्नही होता, युक्रेनने आपलं सार्वभौमत्व राखूनच संघात राहावं का, आणि त्यालाही ८० टक्के 'हो' आले. लोकांना दोन्ही हवं होतं. ऑगस्टमध्ये मॉस्कोत कट्टरपंथीयांनी सत्ता बळकावायचा प्रयत्न केला आणि तो फसला. १ डिसेंबरला स्वातंत्र्यावर सार्वमत झालं, तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त 'हो'. रशियन लोक बहुसंख्य असलेल्या क्रायमिया द्वीपकल्पातही ५४ टक्के. साडेआठ महिन्यांत माणसं बदलली नव्हती. जुनं घर कोसळताना त्यांनी पाहिलं होतं.

नाटोचंही तसंच. २०१४ आधी युक्रेनमध्ये नाटोत जावं म्हणणारे चाचण्यांत पाचात एकाहूनही कमी भरत. २०१० मध्ये तर देशाने अलिप्ततेचा कायदा केला होता. रशियाने क्रायमिया घेतला, पूर्वेकडच्या डोनबासमध्ये युद्ध पेटलं आणि हा आकडा दुपटीहून वर गेला. फेब्रुवारी २०२२ च्या आक्रमणानंतर तो ८० टक्क्यांच्या वर पोचला.

आर्मेनियाची गोष्ट मला सगळ्यांत जास्त चटका लावते. तुर्कस्तान आणि अझरबैजान यांच्यामध्ये सापडलेला हा देश रशियाला आपला राखणदार मानत आला. ग्युमरी शहरात रशियन लष्करी तळ आहे. २०१३ मध्ये युरोपशी कराराच्या वाटाघाटी पूर्ण होत आल्या असताना आर्मेनियाने रशियाच्या व्यापारी गटात जायचं ठरवलं. लोकांनी फारशी खळखळ केली नाही, कारण संरक्षणाची किंमत म्हणून ते मान्य होतं. मग २०२० मध्ये अझरबैजानशी ४४ दिवसांचं युद्ध झालं. नागोर्नो-काराबाख या अझरबैजानच्या हद्दीतल्या पण आर्मेनियन वस्तीच्या भागात रशियन शांतिसैनिक आले. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने तो भाग पूर्ण घेतला तेव्हा ते सैनिक तिथेच होते. काही दिवसांत एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक, गाड्यांच्या टपांवर गाद्या बांधून, एकाच डोंगरी रस्त्याने बाहेर पडले.

अमेरिकेतल्या इंटरनॅशनल रिपब्लिकन इन्स्टिट्यूट या संस्थेच्या चाचण्यांत २०१९ मध्ये रशियाशी संबंध चांगले आहेत म्हणणारे दहातले नऊ होते. २०२३ च्या अखेरीस ते तीनवर आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये आर्मेनियाने रशियाच्या नेतृत्वाखालच्या लष्करी करारातला सहभाग गोठवला. मार्च २०२५ मध्ये संसदेने युरोपीय संघाकडे वाटचाल सुरू करण्याचा कायदा केला. शस्त्रांसाठीही आर्मेनिया इतरत्र बघू लागला. २०२२ मध्ये त्याने भारताकडून पिनाक रॉकेट यंत्रणा घ्यायचं ठरवलं. या पिनाकची रचना पुण्यात पाषाणला झालेली आहे.

तरीही गॅस रशियाचा, तो घरोघर पोचवणारी कंपनी रशियाच्या गाझप्रोमची, रेल्वे चालवते ती रशियन रेल्वेची कंपनी, आणि अणुवीज केंद्राचं इंधनही तिथलंच. मन निघून गेलं तरी घरातली मीटरं त्याच्याच नावावर आहेत. मत बदलायला एक आठवडा पुरतो, जोडण्या बदलायला दहा-वीस वर्षं लागतात.

"पण या चाचण्यांवर विश्वास ठेवायचा का?"

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात नीट ढवळलेला हवा. दीड हजार माणसं योग्य तऱ्हेने निवडली तर देशाचा अंदाज बऱ्यापैकी येतो. अडचण शितांच्या संख्येत नसते, पातेलं कुठलं आहे त्यात असते. २०१४ नंतर युक्रेनच्या चाचण्यांत क्रायमिया आणि डोनबासचा ताब्यातून गेलेला भाग नाही. तिथेच रशियाकडे कल जास्त होता. म्हणजे युरोपचा पाठिंबा वाढला त्यातला काही हिस्सा माणसं बदलल्याचा आणि काही हिस्सा पातेलं लहान झाल्याचा. मोल्दोव्हाच्या चाचण्यांतही ट्रान्सनिस्ट्रिया सहसा नसतो.

प्रश्नाची बांधणीही बघावी लागते. 'युरोपात जावं का?' असं सुटं विचारलं तर आकडा मोठा येतो. 'युरोप की रशियाचा गट?' असं विचारलं तर कमी. 'दोघांशीही चांगले संबंध' असा तिसरा पर्याय दिला की बरेच जण तिकडे सरकतात. आणि जिथे खरं बोलण्याची भीती असते तिथे 'माहीत नाही' हा आकडा फुगतो. बेलारूससारख्या देशाची पाहणी वाचताना मी आधी तो आकडा बघतो.

आणखी एक गोष्ट. 'तुमच्यापुढची सगळ्यांत मोठी अडचण कोणती?' असं विचारलं की जॉर्जियात लोक रोजगार, महागाई आणि गरिबी सांगतात. परराष्ट्र धोरण यादीत खूप खाली येतं. ऐंशी टक्के पाठिंबा रुंद असतो, पण तो किती खोल आहे ते त्या यादीवरून कळतं.

"हे सगळं पश्चिमेनेच पेटवलेलं नाही का?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. या देशांतल्या अनेक स्वयंसेवी संस्थांना अमेरिकेचा आणि युरोपचा पैसा मिळत आला आहे. जॉर्जियाने २०२४ मध्ये कायदा केला तो याच मुद्द्यावर. २० टक्क्यांहून जास्त निधी परदेशातून घेणाऱ्या संस्थेने 'परकीय सत्तेचं हित साधणारी' म्हणून नोंदणी करायची.

पण पैशाने संस्था चालते, लाखो माणसांच्या मनातली भीती त्याने तयार होत नाही. युक्रेनमध्ये नाटोची जाहिरात वर्षानुवर्षं झाली आणि आकडा हलला नाही. क्रायमिया गेल्यावर तो हलला. आर्मेनियात रशियावरचा विश्वास उडाला तो एका डोंगरी रस्त्यावर. बाहेरचा माणूस फुंकर मारू शकतो, निखारा मात्र घरातलाच लागतो. मोल्दोव्हात मतं विकत घेण्याचा जो प्रकार झाला त्यालाही हेच लागू आहे. गॅसच्या बिलाने पिचलेला माणूस तिथे आधीच होता.

"सगळ्यांशी गोडीत का राहत नाहीत?"

भारतीय माणसाला हे पटकन सुचतं. आपण अलिप्ततेच्या धोरणात वाढलो आहोत. कझाकस्तान हेच करतो. रशियाशी सुमारे ७,६०० किलोमीटरची सरहद्द, बहुतेक कच्चं तेल रशियातून जाणाऱ्या नळानेच बाहेर पडतं, आणि तरी जून २०२२ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या व्यासपीठावर पुतिन शेजारी बसलेले असताना अध्यक्ष तोकायेव यांनी सांगितलं की युक्रेनमधून रशियाने फोडलेल्या डोनेत्स्क आणि लुहान्स्कला आम्ही देश मानणार नाही. पाच महिन्यांपूर्वीच, देशात दंगे उसळले तेव्हा, याच तोकायेव यांच्या विनंतीवरून रशियाच्या नेतृत्वाखालची फौज तिथे आली होती. अशी कसरत करायला तेल लागतं, चीनसारखा दुसरा गिऱ्हाईक शेजारी लागतो, आणि तुमची जमीन कुणी धरून ठेवलेली नसावी लागते. जॉर्जियाकडे आणि मोल्दोव्हाकडे यातलं काही नाही. भारताची अलिप्तता भारताच्या आकारावर उभी होती.

"शेवटी सरकारं आपलंच खरं करतात ना?"

करतात. पण फुकटात करता येत नाही. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी युक्रेनच्या यानुकोविच सरकारने युरोपशी करार थांबवला. त्या वेळी देशात युरोपला स्पष्ट बहुमत नव्हतं, मत जवळपास दुभंगलेलं होतं. तरी तीन महिन्यांत यानुकोविच देश सोडून गेले, कारण कीवच्या 'मैदान' चौकात जमलेल्या तरुणांवर पोलिसांनी हात उचलल्यावर प्रश्न युरोपचा उरला नाही, वागणुकीचा झाला. बेलारूसमध्ये अध्यक्ष लुकाशेंको यांनी रशियाला जमीन वापरू दिली, पण स्वतःचं सैन्य युक्रेनमध्ये धाडलं नाही. चॅटॅम हाउस या ब्रिटिश अभ्याससंस्थेने केलेल्या ऑनलाइन पाहण्यांत सैन्य पाठवायला पाठिंबा देणारे दहात एकाहूनही कमी होते. हुकूमशहालाही कुठे थांबायचं ते बहुधा याच आकड्यांनी सांगितलं.

तिबिलिसीतली निदर्शनं २०२५ मध्येही रोज रात्री चालू राहिली. गर्दी कमी झाली, दंड वाढले, कितीतरी जण तुरुंगात गेले, पण लोक येत राहिले. मागच्या फोनवर मी भाचीला आजीबद्दल विचारलं. तिने सांगितलं की आजीने दिराच्या बागेतली वाइन यंदाही रशियाला जाणार म्हणून देवाचे आभार मानले, आणि संध्याकाळी नातीचा झेंडा मळला होता म्हणून तो स्वतः धुऊन बाल्कनीत वाळत घातला.